मधल्या माळावरचं सातवं अधिवेशन

सात राज्यं होती आणि सातही राज्यांतलं रान दर साली कमी होत होतं. याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. रान का कमी होतं याबद्दल मात्र सात मतं होती, आणि प्रत्येक मतात चूक शेजारच्या राज्याची होती.

म्हणून सातही राज्यांनी वर्षातून एकदा एकत्र बसायचं ठरवलं. कुठे बसायचं यावर पहिलं वर्ष गेलं. अखेर सगळ्यांच्या सीमा जिथे येऊन टेकतात तो मधला माळ मुक्रर झाला. तिथेही कधीकाळी रान होतं. सातही राज्यांनी आपापल्या बाजूनं थोडं थोडं नेलं आणि मध्ये काही उरलं नाही. आता तिथे मुरूम होता, वारा होता आणि एक भलामोठा सपाट खडक होता. त्या जागेत कुणाचंच काही नव्हतं, त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही. खडकावर अध्यक्ष बसत, खाली प्रतिनिधी. प्रत्येकाच्या गळ्यात वेलीच्या दोरीत ओवलेलं एक पान असे. ज्याच्या गळ्यात पान त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, असा परिषदेचा नियम होता.

कोंडाजीच्या गळ्यात पान नव्हतं. कोंडाजी शेणकिडा होता आणि परिषदेच्या सफाईचं काम त्याच्याकडे होतं.

आता चारचौघांत हा विषय काढायचा नसतो, पण काढल्याशिवाय गोष्ट पुढे सरकायची नाही. प्रतिनिधी लांबून लांबून येत. मधल्या माळावर खायला काडी नाही हे ठाऊक असल्यामुळे निघताना पोटाला तडस लागेपर्यंत खाऊन निघत. मग काय होणार? दोन दिवसांची वाट तुडवून मंडळी पहिल्या सकाळी भाषणं ऐकायला बसली, की तिसऱ्या भाषणापर्यंत सगळीकडे चुळबुळ सुरू होई. कार्यक्रमपत्रिकेत याची सोय केलेली होती. तिथे लिहिलेलं असे, ‘वैयक्तिक चिंतन’. अध्यक्षांनी चिंतन जाहीर केलं की मंडळी गंभीर चेहऱ्यानं उठत आणि खडकाच्या मागे जात. परत येत तेव्हा चेहरे बरेच मोकळे झालेले असत. पुढच्या चिंतनाला पुन्हा तिथे जावं, तर जागा लख्ख! इतक्या वर्षांत एकाही प्रतिनिधीला प्रश्न पडला नाही, की ते सगळं जातं कुठे.

कुठे जातं ते कोंडाजीला ठाऊक होतं. परिषदेचे व्यवस्थापक मुंगूसराव यांनी त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की सगळं लांबच्या ओघळीत नेऊन फेकायचं. पण फेकणं शेणकिड्याच्या रक्तातच नाही. तो गोळा वळतो, ढकलत नेतो आणि पुरतो. खडकामागे वीसेक पावलांवर जमीन जराशी भुसभुशीत होती, तिथे कोंडाजी गोळे पुरत गेला. त्याच्या कामाची रीतही उलटी. पुढचे पाय जमिनीला, मागचे गोळ्यावर, डोकं खाली, आणि चालायचं मागे मागे. त्यामुळे आपण कुठे चाललोय ते त्याला जन्मात कधी दिसलं नव्हतं. परिषद तरी त्यानं कुठे पाहिली होती? फक्त ऐकली होती.

पण ऐकली ती मन लावून. एकेक ठराव त्याला तोंडपाठ होता.

“अगं ठकू,” संध्याकाळी बिळात शिरताशिरता तो बायकोला सांगे, “आज काय बोलले अस्वल! म्हणाले, रान हा आपला श्वास आहे. टाळ्या नुसत्या!”

“आणि मग?”

“मग चिंतन.”

“दिसतंय ते,” ठकू म्हणे. “सबंध अंगाला वास येतोय चिंतनाचा. जा, पाय पुसून या आधी.”

कोंडाजी हसे. त्याला वाईट वाटत नसे. रान वाचवायच्या एवढ्या मोठ्या कामात आपलाही हात आहे, मग तो मागचा पाय का असेना, याचा त्याला फार अभिमान होता.

तिसऱ्या वर्षी असाच मागे मागे जाताना त्याची पाठ कशाला तरी आपटली. वळून बघतो तर काय, रोप! मग दुसरं. मग पाच-पंचवीस. त्यानं गोळे पुरायची जागा थोडी थोडी पुढे सरकवली. सातव्या वर्षापर्यंत खडकामागे चांगली दाट झाडी झाली होती. प्रतिनिधी चिंतनाला जात ते त्या झाडीच्या अलीकडे, तिच्याकडे पाठ करून. तिच्याकडे निरखून बघायला कुणाला सवड नव्हती. चर्चेचे विषय फार असत.

त्या झाडीचं महत्त्व एकट्या ठकूला कळलं होतं. इतकी वर्षं ती पोरांसाठी खास गोळे वळून त्यात अंडी घालत होती आणि दर वर्षी माळाचं ऊन ते गोळे फुटाण्यासारखे वाळवून टाकत होतं. एकही पोर जगलं नाही. ठकू त्याबद्दल बोलत नसे. या वर्षी तिनं सहा गोळे झाडीखाली, सावलीत पुरले. माती ओलसर राहिली. अधिवेशनाच्या आदल्या दिवशी तिनं एका गोळ्याला डोकं टेकवलं आणि कोंडाजीला हाक मारली. दोघांनी ऐकलं. आत काहीतरी कुरतडत होतं.

“आठ दिवस,” ठकू म्हणाली. “आठ दिवस नीट गेले ना, की बाहेर येतील.”

दुसऱ्याच दिवशी सकाळी तीन रानडुकरं आली. ती सुळे दगडावर घासत उभी होती आणि मुंगूसराव त्यांना झाडी दाखवत होते. “हे सगळं काढायचं. पार मुळासकट. उद्या इथे घोषणेची शिळा उभी राहायची आहे. शिळेच्या मागे असलं रानटी काही दिसता कामा नये.”

कोंडाजी धावत गेला. धावत म्हणजे मागे मागेच, पण जमेल तेवढ्या वेगानं. “रावसाहेब, नका हो! त्याच्याखाली माझी पोरं आहेत.”

मुंगूसराव वाईट नव्हते. त्यांच्यामागे व्याप फार होता, इतकंच. “मग उचल आणि दुसरीकडे ठेव.”

“आता हलवली तर वाळून जातील. आठ दिवस थांबा. पाया पडतो.”

“आठ दिवस? उद्या समारोप आहे, कोंडाजी! शिळा उभी नाही राहिली तर अध्यक्ष मला उभा करतील.” मुंगूसरावांनी सूर्याकडे पाहिलं. “हे बघ, डुकरं चिंतनानंतर काम सुरू करतील. तेवढा वेळ आहे तुझ्याकडे. त्याहून जास्त माझ्या हातात नाही.”

ठकू गोळ्यांवर जाऊन बसली आणि पाय घट्ट रोवले. तिच्याकडे एकवार पाहून कोंडाजी निघाला, तो थेट परिषदेकडे.

परिषदेत त्या वेळी मोठी अडचण झाली होती. पहिल्याच अधिवेशनात पहिलाच ठराव झाला होता, की सातव्या अधिवेशनापर्यंत कुठेतरी एक नवं रान उभं राहील. त्या दिवशी टाळ्या इतक्या झाल्या की कुणीही ‘कुठेतरी’ या शब्दाकडे लक्ष दिलं नाही. आज हिशेब द्यायचा दिवस उजाडला होता. अस्वल म्हणालं, आमच्या डोंगराला उतार फार. हत्तीण म्हणाली, आमच्याकडे दलदल. उदमांजरानं सांगितलं, की आमच्या राज्यात एक समिती नेमली आहे आणि ती कुठे बसणार याचा विचार चालू आहे. अध्यक्षस्थानी धनेश होता, मोठ्या पिवळ्या चोचीचा, स्वभावानं सज्जन. त्याला फार लाज वाटत होती.

“मला वाटतं,” तो खाकरून म्हणाला, “‘उभं राहील’ याऐवजी ‘उभं राहू शकेल’ असं केलं तर—”

तेवढ्यात सभेच्या मधोमध कोंडाजी आला. त्याला सरळ चालायची सवयच नव्हती, त्यामुळे तो आला तो पाठमोरा, डोकं खाली घालून, अध्यक्षांकडे मागचा भाग करून.

“हा सभेचा अपमान आहे!” उदमांजर ओरडलं. “गळ्यात पान नाही, आणि वर पाठ दाखवतोय!”

“माफी असावी,” कोंडाजी जमिनीकडे बघतच म्हणाला. “मला बोलायचा अधिकार नाही. मी माझं काही बोलतच नाही. तुमचंच सांगतो. ठराव क्रमांक तीन. ‘कोणत्याही राज्याचं झाड त्या राज्याच्या संमतीशिवाय तोडू नये.’ खडकामागे झाडं तोडायला डुकरं आली आहेत. ती झाडं कुणाची, ते आधी बघून घ्या. मग काय ते करा.”

धनेशाच्या डोळ्यांत पाणी आलं. सात वर्षांत परिषदेचा एखादा ठराव कुणीतरी मनावर घेतल्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

“ठराव आपला आहे,” तो म्हणाला. “पाळावाच लागेल. चला मंडळी.”

सगळी परिषद उठून खडकामागे गेली. या खेपेला मात्र झाडीकडे तोंड करून. डुकरं बाजूला झाली. मुंगूसराव पुढे होऊन समजावत होते, की हे आपलं असंच उगवलंय, यात कुणाचं काय असणार.

अस्वल चार पावलं आत गेलं आणि थबकलं. त्यानं एका झाडाच्या बुंध्याला नाक लावलं. वर पिवळ्या फुलांचे घोस लोंबत होते.

“बहावा,” ते म्हणालं. “आमचा बहावा आहे हा. आमच्या डोंगरावर आता दोनच उरलेत हो.” आणि एवढं धिप्पाड अस्वल, दोन्ही पंजे बुंध्याभोवती टाकून रडायला लागलं.

मग सगळ्यांची एकच धांदल उडाली. हत्तीणीला कवठ सापडलं. “अगंबाई, नदीकाठचं कवठ! इथे कसं आलं?” सांबराला आवळा दिसला. उदमांजर एका भेरली माडाभोवती तीनदा फिरलं आणि तिन्ही वेळा “अशक्य” म्हणालं. उंबराची कोवळी पानं धनेशानं ओळखली, पण अध्यक्ष असल्यामुळे तो शांत राहिला. फक्त चोच जराशी थरथरली.

आनंद पाच मिनिटं टिकला. मग उदमांजराच्या डोक्यात प्रकाश पडला.

“थांबा. आमच्या राज्यातलं बी इथवर आलं कसं? कुणाला परवानगी दिली होती? ही चोरी आहे! ठराव क्रमांक पाच, बीजरक्षण!”

सगळ्यांच्या माना वळल्या. झाडी कोंडाजीच्या सफाईच्या हद्दीत होती, म्हणजे चोर उघडच होता.

“बोल,” अस्वल डोळे पुसत गुरगुरलं. “कुठून आणलंस आमच्या बहाव्याचं बी?”

खरं काय ते कोंडाजीला ठाऊक होतं. पण परिषदेबद्दल त्याच्या मनात एवढा आदर होता, की एवढ्या थोरामोठ्यांपुढे ते तोंडातून कसं काढावं हेच त्याला कळेना. “मी आणलं नाही,” तो पुटपुटला. “मला... मिळालं.”

“कुणी दिलं?”

“आपणच.”

“आम्ही? कधी?”

कोंडाजीची मान आणखी खाली गेली. गुन्हा कबूल झाल्यासारखंच ते दिसत होतं. चोरीची झाडं म्हटल्यावर आता कुणाची हरकत नसणार असं धरून मुंगूसरावांनी डुकरांना मानेनं खूण केली. पहिलं डुक्कर पुढे सरकलं आणि त्याचा सुळा मातीत शिरला, तोही गोळ्यांपासून वीतभर अंतरावर.

“खबरदार!” जमिनीलगतून आवाज आला. डुक्कर दचकून मागे झालं. गोळ्यांवर ठकू उभी होती, एवढीशी, आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

“चोर म्हणता यांना? लाज वाटत नाही? सात वर्षं तुमच्या मागून हिंडतायत हे बिचारे! अहो, फळं खाल्लीत घरी, आणि शेण घातलंत इथे! त्यात होतं तुमचं बी! आणि तुमचं ते चिंतन याच पायांनी उचललं यांनी, गोळे केले, एकेक करून मातीत घातले. तुम्ही एकदा तरी मागे वळून बघितलंत?” मग तिचा आवाज एकदम खाली आला. “मला यातलं काही नको. तुमची झाडं तुम्ही घेऊन जा. फक्त आठ दिवस थांबा. खाली माझी पोरं आहेत. आजवर एकही जगलं नाही हो माझं.”

सात राज्यांच्या थोर प्रतिनिधींनी आधी जमिनीकडे पाहिलं, मग झाडांकडे, मग, इच्छा नसताना, एकमेकांच्या पाठीमागे.

तेवढ्यात हत्तीणीच्या पोटातून गडगडल्यासारखा आवाज आला. सगळ्यांना वाटलं, आता ही रागावणार. पण ती हसत होती. आधी नुसतं पोट हललं, मग कान, मग सबंध हत्तीण. “अगं आई गं!” ती सोंड वर करून म्हणाली. “म्हणजे कवठाचं हे झाड... ते मी... दुसऱ्या अधिवेशनात, त्या सीमेच्या भाषणाच्या वेळी! तेव्हा पोट फार बिघडलं होतं माझं!”

मग कुणालाच आवरेना. अस्वल रडत होतं ते हसायला लागलं. सांबर, डुकरं, सगळी हसली. उदमांजर एका बाजूला जाऊन, पाठ करून हसलं.

धनेशानं पंख झटकले, सावरून बसला आणि अध्यक्षांच्या आवाजात म्हणाला, “पहिल्या ठरावाच्या अंमलबजावणीबाबत. सातव्या अधिवेशनापर्यंत कुठेतरी एक नवं रान उभं राहील, असं आपण म्हटलं होतं.” तो जरा थांबला. “उभं आहे.”

टाळ्या इतक्या झाल्या की वाऱ्याचा आवाज ऐकू येईना. मग अर्थातच वाद सुरू झाला, की यात जास्त वाटा कुणाचा. तो हत्तीणीनं सहज जिंकला. तिच्याशी बरोबरी करण्याची कुणाची टाप नव्हती.

डुकरांना परत पाठवायचं ठरलं, पण ती जाईनात. त्यांना फळांचा वास आला होता. शेवटी त्यांना एकेक पान देऊन निरीक्षक म्हणून बसवलं. शिळा आडवीच राहिली आणि मुंगूसराव हताश होऊन तिच्यावर जाऊन बसले. अधिवेशन उद्या संपायचं होतं, ते आठ दिवस लांबवलं. कारण विचारलं तर प्रत्येकजण काहीतरी कामाचं सांगे. खरं म्हणजे सगळे झाडीखाली बसून वाट बघत होते. हत्तीण रोज दोन वेळा लांबच्या झऱ्यावर जाई आणि सोंडेतून पाणी आणून गोळ्यांभोवतीची माती अलगद भिजवी. “बघा हं, एका जागी जास्त नको,” ठकू तिला सांगे, आणि सबंध दक्षिणेच्या राज्याची प्रतिनिधी मान हलवून “नाही, नाही” म्हणे.

आठव्या दिवशी दुपारी माती हलली. एक डोकं वर आलं, काळंभोर, चकचकीत. मग दुसरं. ठकू मोजत होती. पाचावर मोजणी थांबली आणि कितीतरी वेळ तिथेच राहिली. अस्वलानं श्वास रोखून धरला होता. मग सहाव्यानं बाहेर येऊन सात राज्यांच्या परिषदेकडे पाहिलं आणि लगेच वळून तिच्याकडे पाठ केली.

“बापावर गेलंय,” ठकू म्हणाली आणि रडायला लागली. कोंडाजी तर केव्हाचाच रडत होता.

त्याच दिवशी धनेशानं स्वतःच्या चोचीनं कोंडाजीच्या गळ्यात पान घातलं. दुसऱ्या दिवशी मुंगूसरावांनी त्याला हटकलं, “पान कुठे आहे तुझं?”

“चुकलंच, रावसाहेब,” कोंडाजी ओशाळून म्हणाला. “सवयीनं गोळा झाला त्याचा. पुरलं.”

आठव्या अधिवेशनाला मंडळी उशिरा पोहोचली. सगळ्यांची चाल जड होती. अस्वल वाटभर बहाव्याच्या शेंगा चघळत आलं होतं. हत्तीण दर दहा पावलांवर थांबून दम घेत होती. धनेशाला इतकी उंबरं झाली होती की उडवेना, शेवटचा टप्पा तो चालत आला. मुंगूसरावांनी जन्मात कधी फळाला तोंड लावलं नव्हतं, पण त्यांच्याही मिशांना बोराचा गर लागलेला होता आणि चेहरा पार आंबट झाला होता.

अध्यक्षांचं भाषण एका वाक्याचं झालं. “मंडळी, वेळ दवडण्यात अर्थ नाही.”

खडकामागे कुणी गेलं नाही. तिथे आता पाय ठेवायला जागा नव्हती. सगळी परिषद उठली आणि उघड्या माळावर पांगली, एक इकडे, एक तिकडे, एकमेकांपासून चांगलं अंतर राखून. वाऱ्यानं गळ्यातली पानं हलत होती. सगळे लांब क्षितिजाकडे बघत होते आणि सगळ्यांचे चेहरे फार गंभीर होते. प्रत्येकाच्या मागे चार पावलांवर कोंडाजीचं एकेक पोर पाठमोरं, अदबीनं उभं होतं. हत्तीणीच्या मागे ठकू होती, कारण तिथे अनुभवाची गरज होती. आणि मुंगूसरावांच्या मागे, मान खाली घालून, खुद्द कोंडाजी.